सहासष्ट नंबरची पेटी

टेक्सासच्या आमच्या कोपऱ्यात विजेचे खांब नाहीत. प्रत्येकाचं आपापलं सोलर, आपापल्या बॅटऱ्या. तपासायला सरकारी माणूस येत नाही, म्हणून सगळे एकमेकांचं तपासतात. संध्याकाळी दुकानाच्या पायऱ्यांवर बिअर घेऊन बसलं की दुसरीकडे लोक पोरांचे मार्क सांगतात, तसे आमच्याकडे पेटीचे आकडे सांगतात.

इन्व्हर्टर ज्या पेटीत ठेवायचा, तिच्यावर दोन आकडे असतात. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. माझी पेटी पाच आणि चार, म्हणजे चोपन्न. डेलबर्ट ग्रबची सहासष्ट. म्हणजे धुळीचा कण आत जाणार नाही आणि बंबाचं पाणी मारलं तरी थेंब शिरणार नाही. आमच्याकडे वर्षाला दहा इंच पाऊस पडतो. बंब कुणी पाहिलेलाही नाही.

मी तीस वर्षं वायरिंगची कामं केली, त्यामुळे मे महिन्यात डेलबर्टची बायको ओफेलिया मला म्हणाली, "वर्ना, एकदा येऊन बघ गं. आत काहीतरी खुडबुडतं." तिचं सगळं त्या पेटीवर होतं. फ्रिज त्या विजेवर चालायचा आणि फ्रिजमध्ये तिचं तीन महिन्यांचं इन्सुलिन असायचं.

मी गेले. पेटी पश्चिमेच्या भिंतीवर. वायरी दाराच्या फटीतून आत गेलेल्या, त्यामुळे दार चार बोटं उघडं. ते आणखी उघडू नये म्हणून वर दोरी बांधलेली. आत उंदराचं घरटं, तेही भरलेलं.

"डेलबर्ट, हे काय आहे?"

"वायरी."

"वायरीसाठी पेटीला भोक पाडतात."

"भोक पाडलं की सहासष्ट राहत नाही. पेटीबरोबर आलेल्या कागदावर लिहिलंय."

"आणि दार सताड उघडं ठेवलं की राहतं?"

"दाराबद्दल कागदावर काही नाही."

माझं डोकं फिरलं. मी तोंडाला येईल ते बोलले, उंदरांना बाहेर काढलं, खालून भोकं पाडली, वायरींना रबरी कड्या घट्ट बसवल्या आणि दार लावून चारही स्क्रू आवळले. डेलबर्ट खुर्ची टाकून बघत बसला होता.

"आता किती?" त्याने विचारलं.

"आता खरी सहासष्ट. आयुष्यात पहिल्यांदा."

त्याचा चेहरा असा खुलला की मला माझंच कौतुक वाटलं. पुढचे दोन आठवडे मी पायऱ्यांवर हीच गोष्ट सांगत होते, दरवेळी एकेक उंदीर वाढवून.

जुलैत दोघं चार दिवस मुलीकडे गेली. ऊन एकशे पंधरा फॅरनहाइटवर. परत आली तेव्हा सकाळ होती, दिवे लागत होते, फ्रिज थंडगार होता. फक्त फ्रिजच्या खालच्या फळीवर लोणी पसरून थिजलं होतं. डेलबर्ट म्हणाला, "तूच सांडलंस." ओफेलिया म्हणाली, "मी कशाला सांडू?" तीन दिवस त्यांचं यावरच चाललं होतं. चौथ्या दिवशी तिला उलट्या सुरू झाल्या आणि साखर पाचशेवर गेली. सुई तर ती रोज न चुकता टोचत होती.

डेलबर्टने तिला ऐंशी मैलांवरच्या इस्पितळात नेलं आणि मला फोन केला. "तिचे कपडे आण. आणि फ्रिजमधलं ते लोणी पूस, नाहीतर परत आल्यावर पुन्हा सुरू होईल."

मी लोणी पुसायला वाकले आणि तशीच थांबले. फ्रिजमध्ये लोणी वितळत नाही.

बाहेर जाऊन पेटीला हात लावला. चटका बसला. दुपारचे दोन वाजले होते आणि आत इन्व्हर्टर तापून बंद पडलेला. इन्व्हर्टर स्वतःच गरम होतो. त्याची उष्णता बाहेर पडायला वाट लागते, आणि ती वाट मी चार स्क्रूंनी आवळली होती. रात्री पेटी निवली की तो आपोआप सुरू व्हायचा, सकाळी सगळं ठीक; भर दुपारी दिवे कुणी लावत नाही, म्हणून कळलं नाही. त्या चार दिवसांत बंद घरात, दाराचं रबर फाटलेल्या त्या जुन्या फ्रिजमध्ये लोणी वितळलं, आणि शेजारीच इन्सुलिन उकडून निघालं. त्यानंतर ओफेलिया पाणीच टोचून घेत होती म्हणायचं.

मी स्क्रू काढले. आत धुळीचा कण नव्हता. वायरिंग इतकं सुबक होतं की मला स्वतःची लाज वाटली, आणि त्या लाजेपेक्षा भीती जास्त वाटली.

इस्पितळात पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. ओफेलिया वाचली होती. हाताला सलाइन, ओठ कोरडे, पण जीभ शाबूत.

"वर्ना, तू सांग याला. लोणी मी सांडलं नाही."

"नाही," मी म्हणाले. "मी सांडलं."

मग पेटीपासून सुरुवात करून सगळं सांगितलं. डेलबर्ट माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, "बोल ना. शिव्या दे."

त्याने खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाला, "पण आत काही शिरलं नव्हतं?"

"काही नाही."

"मग पेटीचा दोष नाही."

"नाही. माझा."

ओफेलियाने डोळे मिटले. मला वाटलं, आता मला जा म्हणेल. ती म्हणाली, "डेलबर्ट, ऐकलंस ना? आता माझी माफी माग."

त्याने मागितली. मग तिने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं.

"आणि तू उद्या जाऊन दार उघडून ठेव. दोरी अजून तिथेच आहे."