पायाचा दोष

"हळू, अण्णा. अजून हळू दाबा."

बॉनेटखाली वाकलेला मिस्त्री मीटरवरचा आकडा बघत होता. इंजिन बंद, नुसती चावी फिरवलेली. अण्णांनी जन्मभर शाळेची बस चालवली होती, पण आज ॲक्सिलरेटर दाबताना त्यांच्या कपाळावर घाम होता. सकाळी भर चौकात गाडी आचका देऊन बंद पडली. मागचा ट्रक हातभर अंतरावर थांबला. मागच्या सीटवर नात होती.

"मशीन कसलं तपासताय?" लेक म्हणाली. "यांचा पायच जागेवर राहत नाही. कधीची सांगतेय, गाडी सोडा."

"तू गप गं!"

आकडा चढत गेला आणि मध्येच धपकन खाली आला. मिस्त्रीने अण्णांना पाय काढायला लावला आणि इंजिनावरचा थ्रॉटल स्वतःच्या हाताने फिरवला. त्याच जागी आकडा पुन्हा कोसळला.

"ताई, पाय नाही, हा सेन्सर झिजलाय. ॲक्सिलरेटर किती दाबलाय ते हाच इंजिनला सांगतो. मध्येच याची वाचा बसते."

"ऐकलंस?" अण्णा म्हणाले.

लेकीचा चेहरा उतरला. "चुकलं माझं, अण्णा."

नवा सेन्सर बसला. मिस्त्रीने गाडीच्या कॉम्प्युटरमधली बिघाडाची नोंद पुसली आणि तिघं चक्कर मारायला निघाले. गाडी लोण्यासारखी चालली होती. अण्णा शीळ घालत होते.

वळणावर एक बाई बाबागाडी ढकलत रस्त्यात उतरली.

"अण्णा, ब्रेक!" लेक ओरडली.

थांबायच्या ऐवजी गाडी पुढे झेपावली. शेजारी बसलेल्या मिस्त्रीने हँडब्रेक खेचला. टायर किंचाळले. बाईने बाबागाडी मागे ओढली, काचेतून अण्णांकडे एकदा पाहिलं आणि ती निघून गेली.

मागच्या सीटवर लेकीने तोंडावर हात धरला होता.

"नवा पार्ट आहे," मिस्त्री पुटपुटला. "बसायला जरा वेळ लागतो."

"माझ्याशी खोटं नको, मिस्त्री." अण्णा स्वतःच्या पायाकडे बघत होते. तो अजून ॲक्सिलरेटरवरच होता. "मला वाटलं, ब्रेकच दाबतोय."

ते दार उघडून उतरले आणि गाडीला धरत धरत पलीकडे आले. मिस्त्री मागच्या सीटवर गेला. लेक स्टिअरिंगमागे बसली.

शेजारच्या सीटवर बसून अण्णांनी सवयीने ड्रायव्हरसारखा उजव्या खांद्यामागे हात नेला. तिथे पट्टा नव्हता. हात थोडा वेळ चाचपडत राहिला. लेक समोर रस्त्याकडे बघत होती. पट्टा सापडून खटका वाजेपर्यंत तिने गाडी सुरू केली नाही.