शब्द समजला पाहिजे

लाखांदूरजवळच्या तंत्रनिकेतनातलं नवं सभागृह बांधून उन्हाळा सरला, तरी त्याचं उद्घाटन काही होत नव्हतं. कारण एकच, मोनिका निमजे सही करत नव्हती.

मोनिका तिथे इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. सभागृहाचा आवाज आणि पडदा यांचं मानक ठरवायचं काम प्राचार्य श्यामरावांनी तिच्याकडे दिलं, तेव्हा ती दोन पानं लिहून मोकळी होईल असं त्यांना वाटलं होतं. तिनं लिहिलीही दोनच पानं. पण त्यातल्या दोन अटी ठेकेदाराच्या घशाखाली उतरेनात. एक, माईकवर बोललेलं शेवटच्या बाकावर नुसतं ऐकू येऊन भागणार नाही, ते समजलं पाहिजे. दुसरी, बाहेरून आलेल्या कुणाचंही यंत्र सभागृहातून किंवा व्हरांड्यातून जुगाड न करता पडद्याला जोडता आलं पाहिजे.

नंदलाल ठेकेदारानं कपाटाएवढे दोन स्पीकर आणून ठेवले. मोनिकानं कार्यालयातली, कँटीनमधली माणसं शेवटच्या बाकांवर बसवली आणि माईकवरून सुटे शब्द वाचले. ज्यानं जे ऐकलं ते कागदावर लिहायचं. ‘वाट’ची कुणी ‘खाट’ केली, ‘पाळ’चा ‘गाल’ झाला. कँटीनची चंदा तर हसून हसून बाकावर आडवी झाली.

“मॅडम, एवढा आवाज पुऱ्या जिल्ह्यात कोणाजवळ नाही,” नंदलाल वैतागला. “अजून काय पायजे तुमाले?”

“आवाज लई हाय भाऊ. पण मले काही समजून नाही राहिलं.”

“सोडून द्या न, मॅडम,” श्यामराव हळूच म्हणाले. “कायले एवढं ताणता?”

“सर, उद्या इथं आग लागली आन् कोणी माईकवरून दरवाजा सांगितला, तर तो समजाले पायजे का नाही?”

श्यामरावांनी नंदलालला खूण केली. मोठे स्पीकर परत गेले. भिंतीच्या कडेकडेनं लहान स्पीकर लागले, मागच्या भिंतीवर जाड पडदे आले, व्हरांड्यात जोडणी बसली. पुन्हा शब्द वाचले गेले, आणि या वेळी चंदानंसुद्धा जवळजवळ सगळे बरोबर लिहिले. मोनिकानं सही केली. श्रावणातली तारीखही ठरली.

पण पाहुण्यांच्या आधी पाणी आलं. वैनगंगा फुगली की तिला मिळणाऱ्या चुलबंद नदीचं पाणी मागे फिरतं आणि नाल्यांवाटे शेतांत शिरतं. त्या दिवशी वर कुठेतरी धो धो पाऊस झाला होता. इकडे उघडीप होती, म्हणून बायका एका शेतात धानाच्या रोवण्याला गेल्या होत्या. दुपारपर्यंत शेताला पाण्याचा वेढा पडला आणि बायका मधल्या उंचवट्यावर अडकल्या.

पुढचा रस्ता बुडाल्यामुळे आपत्ती पथकाची जीप कॉलेजच्या मैदानावर थांबली. पथकाचा ड्रोन उडवणारा शिपाई संघपाल खाली उतरला. गावातली माणसं त्याच्या मागे धावत आली. शेताचे मालक भय्याजी पुढेच होते. त्यांची बायको कौशल्याबाई त्या बायकांत होती. बोट भंडाऱ्याहून निघाली होती, पण कधी पोचेल हे कुणी सांगेना.

ड्रोन उडाला. सगळे संघपालच्या हातातल्या छोट्या काचेवर वाकले.

“बाया दिसून राहिल्या,” संघपाल म्हणाला, “पण वाट नाही दिसत. मोठा टीव्ही हाय का कुठं? नाहीतर राहू द्या, दर गावात वायरच जमत नाही.”

“इथं जमते,” मोनिका म्हणाली. “या व्हरांड्यात.”

वायर लागली आणि सभागृहाच्या भिंतीएवढ्या पडद्यावर सगळं शिवार उघडलं. गढूळ पाणी, मधोमध मोहाचं झाड, झाडाखाली दाटीनं उभ्या असलेल्या बायका. भय्याजी पडद्याजवळ गेले.

“हे आपली बोडी. हे तिची पाळ...” त्यांचा आवाज चढला. “पाळ उघडी हाय! थेट सडकेपर्यंत उघडी हाय!”

बोडीचा, म्हणजे लहान तळ्याचा, तो बांध पाण्याच्या वर होता आणि बायकांपासून फार लांबही नव्हता. मधे बेशरमाची झुडपं माजली होती, म्हणून त्यांना तो दिसत नव्हता. झुडपांच्या कडेनं पाण्यावर नुकत्या रोवलेल्या धानाची पाती डोलत होती, म्हणजे तिथं पाणी उथळ होतं.

संघपालनं ड्रोनचा भोंगा सुरू केला. आधीच भरून ठेवलेला संदेश वाजला: ‘नागरिकांनी तात्काळ सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे.’ पडद्यावर बायका गोंधळून वर पाहू लागल्या. दोघी घाईनं झाडाखालून निघाल्या आणि नेमक्या नदीकडेच चालू लागल्या.

“बंद करा ते!” मोनिका ओरडली. “भोंग्याचा माईक मले द्या. आन् ड्रोन त्यांच्या डोक्यावरून बाजूले घ्या, वारा तिकून वाहून राहिला, तिकडं न्या, म्हणजे आवाज वाऱ्यासंगं जाईन. पंख्याच्या आवाजात शब्द बुडून राहिले.”

संघपालनं माईक तिच्या हातात दिला आणि ड्रोन वळवला.

मोनिका आंधळगावच्या विणकराच्या घरातली. मागांच्या खडखडाटात माणसांना हाका मारतच ती मोठी झाली होती. तिनं श्वास घेतला. ‘पाळ’ म्हणायचं नाही, त्याचा ‘गाल’ होतो, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

“कौशल्याबाई! थांबा! नदीकडं नोका जाऊ!”

मग थोडं थांबून, तेच पुन्हा.

“समजलं असन तं हात वर करा!”

पडद्यावर काहीच हललं नाही. भय्याजींनी डोळे मिटले. मग एक हात वर झाला. त्याच्या शेजारी दुसरा. बघता बघता झाडाखालचे सगळे हात वर गेले, नदीकडे निघालेल्या दोघी माघारी फिरल्या आणि सभागृहात असा गलका उठला की मोनिकाला माईक झाकून घ्यावा लागला.

“एकमेकीचा हात धरा! ड्रोनच्या मागं मागं या! धानातून या!”

संघपाल ड्रोन बायकांच्या चालीनं पुढे नेत राहिला. एका ठिकाणी पाणी मांड्यांपर्यंत चढलं, रांग थबकली. मोनिका बोलत राहिली, तेच शब्द, त्याच लयीत. रांग पुन्हा हलली. झुडपांच्या आडून पहिली बाई बांधावर चढली, तिनं मागचीला ओढून घेतलं. शेवटची बाई वर आली तेव्हा श्यामराव खुर्चीवर उभे राहून टाळ्या पिटत होते.

सडकेवरच्या पाण्यातून वाट काढत ट्रॅक्टरनं बायका कॉलेजात आल्या. भय्याजी कौशल्याबाईंच्या पायांवरचा चिखल पुसत बसले. चहा घेऊन झाल्यावर कौशल्याबाई सरळ मंचावर चढल्या आणि माईक हातात घेतला.

“कोन्ती पोरगी बोलत होती थे? मी म्हटलं, आभायातून मले नावानं कोन बलावते बापा!”

हशा आणि टाळ्या एकदमच उठल्या. श्यामरावांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की सभागृहाचं उद्घाटन झालं.

महिन्याभरात भंडाऱ्याहून बोलावणं आलं. सार्वजनिक सुरक्षेच्या ड्रोनसाठी जिल्ह्याचं मानक लिहायचं होतं, आणि ते मोनिकानं लिहावं असं संघपालनं आपल्या अहवालात कळवलं होतं. या वेळी बैठकीत तिला कुणी ताणू नका म्हणालं नाही. भोंग्यातला शब्द उघड्या शिवारात समजला पाहिजे, चित्र कुठल्याही पडद्याला जोडता आलं पाहिजे, संदेश त्या गावच्या बोलीत हवा: तिची अट अन् अट जशीच्या तशी मंजूर झाली.

पहिली चाचणी करडी गावच्या शिवारात ठेवली. कंपनीची माणसं चकचकीत ड्रोन घेऊन हजर होती. संघपाल त्यांना बजावत होता, “मॅडमसमोर नुसता आवाज वाढवू नोका, वापस पाठवतेत.” मोनिका चपला हातात घेऊन दोन शेतांमधल्या धुऱ्यावरून पलीकडे निघाली. वारा कुठून वाहतोय ते तिनं पाहिलं, आणि मजेत हात उंचावून सुरू करा म्हणून खूण केली.