शेवटची रांग

शिट्टीबाईंच्या व्यायामाच्या क्लासला माझा नवरा ‘तुमचा पंथ’ म्हणतो. मी नाव घातलं तेव्हा त्याने भाकीत केलं होतं, नव्याचे नऊ दिवस. नवे बूट घेऊ नकोस, जुन्यावरच भागव, असंही वर सुचवलं होतं. त्यानंतर माझे किती बूट झिजले ते मी त्याला मुद्दाम सांगत असते.

सुरुवातीला क्लासमध्ये नाच होता. मग नाच जुना झाला आणि मोठ्या रबरी चेंडूंवर काठ्या बडवायची फॅशन आली, तेव्हा आम्ही चेंडू बडवले. मग छोट्या ट्रॅम्पोलिनवर उड्या मारायचं वेड आलं. आमचा हॉल फर्निचरच्या दुकानाच्या डोक्यावर आहे. आमच्या उड्यांनी खालच्या कपाटांची दारं आपोआप उघडायला लागली, तेव्हा ते वेड दुकानदाराने हात जोडून बंद करवलं. सध्या ठोसे आणि लाथा चालू आहेत. वेडं आली तशी गेली, माणसं मात्र तीच राहिली. कुणाची बाळंतपणं झाली, कुणाचा गुडघा बदलला, पण प्रत्येक जण परत येऊन आपल्या जागेवर उभा राहिला.

ही जागेची भानगड आधी समजून घ्यायला हवी. आमच्याकडे जमिनीवर कुणाचं नाव लिहिलेलं नाही, पण कोण कुठे उभं राहतं हे दगडावरची रेघ आहे. एखादा नवखा चुकून कुणाच्या जागेवर उभा राहिला, तर त्याला कुणी काही बोलत नाही. मूळ मालक येतो आणि त्याच्या इतक्या जवळ उभा राहतो की नवखा स्वतःच शहाणा होतो. माझी जागा पहिल्या रांगेत, बरोबर मधोमध, आरशासमोर. आधीच्या बाई गाव सोडून गेल्या, त्यांच्या निरोपाचा केक कापून होत होता तेव्हाच मी तिथे जाऊन उभी राहिले होते. मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. संधी दिसली की गिअर टाकायचा, हे माझ्या अंगातच आहे.

दुसरी रीत शिट्टीबाईंची. त्यांच्या गळ्यात कायम शिट्टी असते म्हणून हे नाव. त्या कधी डावं-उजवं म्हणत नाहीत, कारण दमलेल्या माणसाला डावं-उजवं कळत नाही असा त्यांचा अनुभव आहे. त्या म्हणतात, खिडकीला लाथ, भिंतीला ठोसा, पंख्याला हात. बाहेरच्या माणसाला वाटेल की आमचं हॉलशीच वैर आहे.

आता माझ्या नणंदेबद्दल. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम चढवायची, दोन पावलं मागे सरकून बघायची आणि खरं तेच सांगायची. तिच्या ‘शोभत नाही’वर दुकान चाललं होतं. एके दिवशी सकाळी उठली तर चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली होती. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, बरं होईल, आणि बरंचसं झालंही. डोळा मिटायला लागला, बोलणं सुधारलं. फक्त हसली की ओठांचा एक कोपरा वर जायचा आणि दुसरा तिथेच राहायचा. एवढं राहील बहुतेक, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि तिने हसणंच सोडलं.

त्या दुकानात चारही बाजूंनी आरसे. ती परत जायचं नाव घेईना. मालक भला माणूस, त्याने तिचं स्टूल रिकामं ठेवलं होतं. ती आमच्याचकडे राहते. एक दिवस बाथरूममधला आरसा तिने काढून माळ्यावर टाकला, तर माझा नवरा फोनमध्ये बघून दाढी करायला लागला. मला मात्र फार भीती वाटायची. घरात सगळ्यांत मोठ्याने हसणारी मुलगी दिवसभर भिंतीकडे तोंड करून भाजी निवडत बसली की काळजाचं पाणी होतं. बोलायचं कसं हे मला सुचत नव्हतं, म्हणून मी क्लासला चल म्हणून तिच्या मागे लागले. मला तेवढंच येतं.

ती आधी नाहीच म्हणाली. मग मी तिला शेवटच्या रांगेचं महत्त्व पटवलं. शेवटच्या रांगेतून आरशात स्वतःचं काही दिसत नाही, फक्त पुढच्यांच्या पाठी दिसतात. शिवाय दार तिथेच आहे.

“कुणी वळून माझ्याकडे बघितलं, तर त्याच दिवशी बंद,” ती म्हणाली.

शेवटच्या रांगेतला दाराजवळचा कोपरा दातांच्या डॉक्टरांचा होता. व्यायाम करताना त्यांची जीभ बाहेर येते आणि ती पेशंटनी बघू नये म्हणून त्यांनी तो वर्षानुवर्षं धरून ठेवला होता. त्यांच्या बायकोला गाडी उलटी लावायला शिकवून देईन, या बोलीवर ते एक हात बाजूला सरकले. अख्ख्या क्लासमध्ये बातमी झाली.

नणंद यायला लागली. यायची, मान खाली घालून लाथा झाडायची आणि शेवटची शिट्टी वाजायच्या आत जिन्यात पोचायची. पण घरी आल्यावर भूक लागली म्हणायला लागली. एकदा कांदा चिरता चिरता तिने हातातल्या सुरीसकट भिंतीला ठोसा मारून दाखवला. मी नवऱ्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे बघितलं.

मग आरशामागच्या भिंतीतला पाण्याचा पाइप गळायला लागला. दुकानदाराने सुट्टीच्या दिवशी माणसं लावून आरसा उतरवला आणि कुणाला न विचारता विरुद्ध बाजूच्या, दाराकडच्या भिंतीवर चढवला. त्याच्या दृष्टीने भिंत म्हणजे भिंत.

दुसऱ्या दिवशी नेमका माझा एक शिकाऊ चढावर गाडी बंद पाडून बसला, त्यामुळे आम्हा दोघींना उशीर झाला. धापा टाकत वर गेलो तर सगळे उभे होते, आपापल्या जागेवर, पण तोंडं उलटीकडे. जागा कुणीही सोडली नव्हती, फक्त जागच्या जागी वळले होते. पहिली रांग शेवटची झाली होती आणि शेवटची पहिली. दातांचे डॉक्टर आरशासमोर उभे होते, आपल्याच खुर्चीत बसवलेल्या पेशंटसारखे. दोनच जागा रिकाम्या होत्या. माझी पार मागे, आणि हिची सगळ्यांत पुढे, काचेपासून हातभर.

मी तिचा हात धरून तिला माझ्या जागेवर नेणार होते. तेवढ्यात शिट्टी वाजली, गाणं लागलं आणि रांगा हलायला लागल्या. मधून वाट काढणं म्हणजे हमरस्ता ओलांडण्यासारखं होतं. मागच्या माणसाने मला ढोसत ढोसत माझ्या जागेवर नेलं. तिथून वळून बघितलं तर ती आपल्या कोपऱ्यात उभी होती, मान खाली, आणि दार तिच्यापासून एका पावलावर. ती आता जाणार, आणि गेली की परत कधीही येणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी हॉलच्या दुसऱ्या टोकाला, आणि मधे सगळा पंथ.

“खिडकीला लाथ!” शिट्टीबाई ओरडल्या.

खिडकी आता दुसऱ्या हाताला आली होती. पण आमच्या पायांना ते कोण सांगणार? इतक्या महिन्यांच्या सवयीने सगळ्या जुन्या खोडांचा नेहमीचाच पाय उठला, म्हणजे भिंतीकडे. ज्यांच्या लक्षात आलं त्यांनी मधेच पाय बदलला. माझी लाथ शेजारच्या पोस्टातल्या बाईंच्या पोटरीला लागली, त्यांचा ठोसा माझ्या कानावरून गेला. पुढे डॉक्टर एका पायावर गरगरले आणि पाण्याच्या मशीनला मिठी मारून थांबले. एकाच माणसाचा पाय बरोबर खिडकीकडे गेला होता. ती नवी होती, तिच्या पायांना अजून खोड लागली नव्हती.

आवाज कसला झाला म्हणून तिने मान वर केली आणि आरशात बघितलं. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, ती रडतेय. मी रांग मोडून, लोकांना ढकलत पुढे निघाले. अर्ध्यात पोचले तेव्हा मला आरशात तिचा चेहरा दिसला. ती हसत होती. एक कोपरा वर, एक कोपरा तिथेच, आणि डोळ्यांतून पाणी.

शिट्टीबाईंनी गाणं बंद केलं. “ही एकटी बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांनी हिच्याकडे बघा.”

सगळ्यांनी बघितलं. मला शिट्टीबाईंचा गळा धरावासा वाटला. नणंदेने एकदा दाराकडे बघितलं. मग आरशातून थेट माझ्याकडे बघितलं.

“वहिनी, जागेवर जा,” ती मोठ्याने म्हणाली. “आणखी कुणाला तरी लाथ घालशील.”

आणि तिने खिडकीला लाथ मारली. मागे आम्ही सगळ्यांनी मारली, तिच्याकडे बघून.

जिना उतरताना ती मधेच थांबली आणि कठड्याला धरून पुन्हा हसायला लागली. “मला वाटत होतं, माझंच तोंड वाकडं आहे,” ती म्हणाली. “तुम्हा सगळ्यांची बघितलीस का? पोस्टातल्या बाई तर दात-ओठ खातात. आणि तू, तू गाल फुगवतेस, बेडकासारखे.” पहिल्या रांगेत इतकी वर्षं उभी राहून मला कुणी हे सांगितलं नव्हतं. मी जाम चिडले आणि इतकी खूश झाले की जिन्यात तिला मिठी मारली. दोघीही घामाने निथळत होतो.

पुढच्याच आठवड्यात ती कामावर गेली. संध्याकाळी येऊन म्हणाली, एका बाईंनी फ्रेम लावून बघता बघता माझ्या तोंडाला काय झालं ते विचारलं, तर मी त्यांना सांगितलं, आणि ती फ्रेम त्यांना शोभत नाही हेही सांगितलं.

भिंत वाळली. दुकानदार वर येऊन म्हणाला, आरसा परत जुन्या जागी लावू का, तुमचं तुम्ही ठरवा. खरं सांगते, इतके दिवस यासाठी सगळ्यांत जास्त कटकट मीच करत होते. मागून मला काही दिसत नव्हतं, आणि आपल्याला काही दिसत नाही हे मला सोसत नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. नणंद पुढे खाली वाकून बुटाची नाडी बांधत होती.

“राहू दे तिथेच,” मी म्हणाले.

पोस्टातल्या बाईंनी मला ताप आहे का ते विचारलं. मी मागच्या रांगेत जायला निघाले, तेवढ्यात नणंद उठली आणि एक पाऊल बाजूला सरकली. डॉक्टरांनाही तिने कोपराने सरकवलं. मधे एका माणसापुरती फरशी मोकळी झाली. आमच्या पंथात तोपर्यंत कुणी कुणाला आपण होऊन जागा दिलेली नव्हती.

“ये की, वहिनी,” ती म्हणाली. “तुझे गाल मला इथून नीट दिसतील.”

मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. आरशात आम्ही दोघी होतो, ती हसत होती आणि मला रडू येत होतं. शिट्टी वाजली आणि आम्ही दोघींनी एकदमच पाय उचलला.