नवरी, रणगाडा आणि न धुतलेली सुई

मी एअरब्रश बोलतोय. तोंडात कालचा रंग थोडा सुकलाय, त्यामुळे शब्द जरा चिकटत बाहेर पडतील. सांभाळून घ्या.

दिसायला मी जाडसर पेनासारखा. डोक्यावर इवलीशी वाटी, पाठीवर खटका आणि पोटातून आरपार गेलेली सुई. शेपटीला नळी, नळीच्या टोकाला कॉम्प्रेसर नावाचा घुरघुरणारा डबा. खटका खाली दाबला की हवा सुटते, मागे ओढला की रंग. किती ओढायचा हे बोटाला कळावं लागतं. कळलं तर धुक्यासारखा फवारा, नाही कळलं तर शिंक.

जन्म चीनचा. खोक्यात झोपून आलो आणि डोळे उघडले ते सिल्वासात, सोनीच्या हातात. सोनी नवऱ्या सजवते. घराच्या पुढच्या खोलीत तिचं पार्लर आहे. मी आल्यापासून तिचे दिवस पालटले. माझ्या फवाऱ्याखाली मुरमं, डाग, जागरणं सगळं गायब होई. मलाही गालांची सवय लागली. गाल उबदार असतात, हसले की हलतात, आणि कामाच्या वेळी बायका मजेदार बोलतात. होणाऱ्या सासूबद्दल तर फारच.

सोनीचा नवरा भावेश. माणूस धुळ्याकडचा, मसाटच्या एका कारखान्यात प्लास्टिकची झाकणं पाडायच्या मशीनवर काम करतो. दिवसभर प्लास्टिक हाताळून कंटाळा येत नसावा, कारण सुट्टीच्या दिवशीही तो प्लास्टिकच जोडत बसतो. छोटे रणगाडे. तळहातावर मावतील असे, पण प्रत्येक चाक वेगळं. जोडायला तो उत्तम. रंगवायला मात्र त्याच्याकडे दोनच कुंचले होते आणि दोघांचेही केस गळलेले.

त्याची नजर माझ्यावर पडली, ते सोनीनेही पाहिलं.

"अहो, हा फक्त चेहऱ्यासाठी आहे. तुमच्या खेळण्यांना लागला तर बघा."

"खेळणी नाहीत ती," भावेश म्हणाला. पण मला लावणार नाही, असं काही म्हणाला नाही.

दुसरा एअरब्रश घ्यावा असं त्याला दर पगाराला वाटे, आणि दर पगाराला तो रणगाड्याचा नवा डबा घेऊन येई. मग सोनी बाजारात गेली की मला पार्लरमधून उचलून आतल्या खोलीत न्यायचा. सकाळी नवरीचा गाल, दुपारी रणगाड्याचं बूड. माझ्या इभ्रतीचा कोणी विचारच केला नाही.

तरी एक कबूल करतो, त्या कामाची मला गोडी लागली. लष्करी रंगाचं गमतीचं आहे. नवरी उठून दिसावी म्हणून रंगवायची, रणगाडा दिसूच नये म्हणून. आधी सगळीकडे वाळूचा रंग, त्यावर हिरवे नागमोडी पट्टे. भावेशला या रंगांचं इतकं वेड की सोनीला वासोण्याच्या सफारीत सिंह दाखवायला नेलं, तेव्हा हा बाबा सिंह सोडून त्याच्यामागच्या वाळक्या गवताचे फोटो काढत होता. सोनी तीन दिवस बोलली नाही म्हणे.

पट्ट्यांच्या कडा नीट याव्यात म्हणून हिरवा मारण्यापूर्वी बाकीचा भाग झाकावा लागतो. त्यासाठी भावेशने स्वतःची युक्ती काढली होती. स्वयंपाकघरातली मळलेली कणीक चोरायची, तिच्या वळ्या करून रणगाड्यावर चिकटवायच्या, फवारायचं आणि वळ्या सोलून काढायच्या. काम फत्ते. फक्त पोळ्या कमी पडायच्या.

"सोनी, तुले कणकेना अंदाजच नही," भावेशची आई, तानूबाई, दर रविवारी म्हणायच्या. सोनी पुन्हा परात ओढायची. भावेश वरणात मान घालून जेवायचा. त्या वेळी त्याच्याच तोंडावर हिरवा फवारा मारावा असं मला वाटायचं.

अशात भावेशच्या बहिणीचं, कावेरीचं लग्न ठरलं. मांडव घरासमोरच. नवरीला सजवणार कोण, यावरून घरात वाजलं. तानूबाईंना वापीची नामांकित बाई हवी होती. "आपली सून लोकांच्या पोरी रंगवते ते ठीक, पण घरचं लग्न आहे," असं नातेवाईकही म्हणू लागले. कावेरी अडून बसली, वहिनीच हवी. झालं. सोनीने माझ्यासाठी नवं फाउंडेशन आणलं आणि मला दोनदा धुतलं. या एका चेहऱ्यावर तिची घरातली किंमत ठरणार होती.

हळदीच्या दिवशी सगळे मांडवात. आत भावेश एकटा. रणगाड्याचे शेवटचे दोन पट्टे राहिलेले. राहवलं नाही त्याला. कणीक लावली, हिरवा भरला, फवारला, तोच बाहेरून हाक आली, "भावेश, नवरीचा भाऊ कुठंय?" त्याने रणगाडा तसाच, कणकेसकट, कपाटावर ठेवला. माझी वाटी विसळली. सुई काढलीच नाही. हिरवा रंग माझ्या घशात तसाच राहिला आणि मी ओरडू शकलो नाही.

लग्नाच्या सकाळी नवरदेवाच्या गाड्या जवळच्या रांध्याला पोचल्याचा फोन आला. आतल्या खोलीत मावश्या, आत्या, तानूबाई, मध्ये कावेरी. सोनीने आधी स्वतःच्या मनगटावर मारून पाहिलं. फवारा अगदी गोरागोमटा आला, मीसुद्धा फसलो. मग तिने कावेरीच्या गालाशी येऊन खटका जरा जास्त मागे ओढला, सुई सरकली आणि मी शिंकलो.

डाव्या गालापासून कानापर्यंत हिरवा पट्टा. खरं सांगू? पट्टा सुरेख आला होता.

"माय वं! मनी पोर हिरवी पडी गई!" तानूबाई किंचाळल्या. "मी सांगं व्हतं, वापीनी बाई बलावा!"

कावेरीने आरशात पाहिलं. "वहिनी, मंडपात पाठवतेस की बॉर्डरवर?"

सोनीने मला उलटं करून वाटीत पाहिलं, वास घेतला. तिला कळलं. दारात भावेश उभा होता, त्यालाही कळलं. तिने नाव घेतलं नाही, फक्त त्याच्याकडे पाहिलं. मावश्या एकमेकींच्या कानाला लागल्या होत्या. भावेश एक शब्द बोलला नाही तर सोनी जन्मभर 'नवरी हिरवी करणारी सून' राहणार होती. मला तर वाटलं, हा पळणार.

भावेश आत आला. बायकांच्या डोक्यांवरून हात घालून त्याने कपाटावरचा रणगाडा काढला आणि आईसमोर धरला.

"माय, सोनीले बोलू नको. हाऊ रंग मना शे. गाडाना शे."

तानूबाईंनी रणगाडा हातात घेतला. सुकलेली एक वळी नखाने उचकटली, बोटांत चुरली, नाकाशी नेली.

"हाई तर मनी कणीक शे!"

मग त्यांनी सोनीकडे पाहिलं. इतक्या रविवारांचं बोलणं त्यांना एकदम आठवलं असावं. त्या उठल्या, मावश्यांना म्हणाल्या, "चला, बाहेर चला, तिले काम करू द्या," आणि जाता जाता भावेशच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला.

सोनीने हिरवा पुसला, उरलेल्या छटेवर हिरवेपणा लपवणारं लालसर मलम थापलं, वर हाताने फाउंडेशन बसवलं. मला टेबलाखाली फेकलं होतं, तरी तिथून दिसत होतं. कावेरी देखणी दिसली.

त्या दिवसापासून गाल मला बंद झाले. सोनीने चेहऱ्यांसाठी नवा एअरब्रश आणला आणि मी कायमचा रणगाडा खात्यात गेलो. वाईट वाटलंच. पण एका रविवारी भावेश पट्टे मारत असताना ती मागे येऊन उभी राहिली.

"अहो, गेट रंगवताय का? लांबून धरा. आणा इकडे."

तिच्या बोटांत मी परत आलो. तिने कणकेशिवाय, नुसत्या हाताने असे पट्टे काढले की भावेश बघतच राहिला. तानूबाईंनी मात्र सवयीने रणगाड्याची कणीक वेगळी काढून ठेवली होती.

सोनीने रंगवलेला तो रणगाडा आता शोकेसमध्ये आहे, कावेरीच्या लग्नाच्या फोटोशेजारी. फोटोत तिच्या कानामागे एक हिरवा ठिपका राहिलाय. पाहुणे आले की तानूबाई आधी त्या ठिपक्यावर बोट ठेवतात, "हाई मना पोऱ्यानं काम." मग रणगाड्यावर, "आनि हाई मनी सूननं."

निरोप घेतो. तुमच्या घरी माझा कोणी भाऊबंद असेल, तर हात जोडून सांगतो, नुसती वाटी विसळू नका. सुईसुद्धा धुवा.