बसल्या जागी बारा हजार

न्यूझीलंडच्या ट्रेकची तयारी कशी करावी याचं अकरा पानी पत्रक आलं, तेव्हा अजितने त्यातली खरेदीची पानं त्याच आठवड्यात पूर्ण केली आणि चालण्याची पानं लताला वाचायला दिली.

"मी काय करू वाचून?" लता म्हणाली. "मी येत नाहीये. तुम्ही दोघं जाताय."

जाणार होते ते अजित आणि त्याची मुलगी मैथिली. दोन हजार वीस साल कोविडमुळे सगळं घरात गेलं होतं. मैथिलीची युनि, म्हणजे युनिव्हर्सिटी, सिडनीतल्या टूनगॅबीच्या घरी जेवणाच्या टेबलावर भरायची. एकवीसच्या एप्रिलमध्ये न्यूझीलंडने क्वारंटीनशिवाय दार उघडलं आणि मैथिलीने त्याच संध्याकाळी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातला पाच दिवसांचा गाईडेड ट्रेक बुक केला. जोडीला कोण, हा प्रश्नच नव्हता. ती लहानपणापासून बाबाच्या किल्ल्यांच्या गोष्टी ऐकत झोपलेली. तोरण्याच्या माचीवर धुक्यात हरवलेला बाबा, राजगडावर पाण्याविना रात्र काढलेला बाबा. फॉर्मवर 'पूर्वानुभव' या रकान्यात तिने स्वतःच लिहिलं : चाळीसहून अधिक किल्ले.

हा चाळीसचा आकडा एका दिवसात झालेला नव्हता. मैथिली पाच वर्षांची असताना तो सात होता. पोरगी वाढत गेली तसे किल्लेही वाढले. प्रत्यक्षात अजित एकच किल्ला चढला होता, सिंहगड, तोही जीपने. वर पिठलं-भाकरी खाऊन तो झाडाखाली झोपला आणि जीपनेच उतरला.

पत्रकात लिहिलं होतं, पाठीवर अकरा किलो घेऊन रोज चाला, निदान दहा हजार पावलं. अजितने नव्या सॅकमध्ये सोना मसुरी तांदळाची दहा किलोची गोणी घातली, वर एक किलो तूरडाळ घातली आणि निघाला. टूनगॅबी स्टेशनपर्यंत गेला. तिथल्या बाकावर बराच वेळ बसला. मग परत आला आणि पाय इतके भरून आले की दोन दिवस जिना उलटा उतरला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भजन होतं.

हे भजन झूमवर चालायचं. वेरिबीपासून कालगुर्लीपर्यंतची ऑस्ट्रेलियातली तीसेक मराठी घरं त्यात होती. एप्रिलमध्ये पुण्याकडून फोन येऊ लागले, तेही कसले, कुठे बेड मिळतोय का, कुठे सिलिंडर मिळतोय का, म्हणून आठवड्याचं भजन रोजचं झालं. जवळच्या सेव्हन हिल्सला राहणाऱ्या शुभदाताईंनीच ते सुरू केलेलं. त्यांचा धाकटा भाऊ पुण्यात आयसीयूमध्ये होता. भारतातून येणारी विमानं इथल्या सरकारने बंद केली होती. गेलं तर परत केव्हा येऊ याची शाश्वती नाही, आणि ज्याच्यासाठी जायचं त्याला भेटू देतील याचीही नाही. तेव्हा त्या रोज साडेसहाला समई लावून स्क्रीनसमोर बसत. आधी रामरक्षा, मग नामाचा गजर.

झूमवर सगळ्यांचे टाळ एकदम वाजले की मांडणीवरून भांडी कोसळल्यासारखं ऐकू येई. म्हणून ठरलं, माईक एकाचाच चालू ठेवायचा. अजितचा हात लयीला पक्का होता. तो वाजवी, बाकीचे आपापल्या घरी मुक्याने म्हणत.

त्या संध्याकाळी गजर संपला आणि अजितच्या मनगटावरचा पावलं मोजणारा बॅंड थरथरला. त्याच्या पडद्यावर इवलीशी आतषबाजी झाली. अभिनंदन, चार हजार पावलं.

अजितने टाळांकडे पाहिलं. मग बॅंडकडे पाहिलं. मग समोर समईच्या उजेडात डोळे मिटून बसलेल्या शुभदाताईंकडे पाहिलं, आणि कॅमेरा बंद केला.

मैथिली स्वयंपाकघरातून ओरडली, "बाबा! फोर थाउजंड! गुड ऑन यू!" तिच्या फोनवर त्याची पावलं दिसत. ती सोय तिनेच करून ठेवली होती, बाबाला प्रोत्साहन म्हणून.

त्याच वेळी सांगून टाकता आलं असतं. अजितने तसं ठरवलंही. पण ती इतकी खूश झाली होती, की त्याने ते उद्यावर टाकलं. आणि उद्या भजन होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने भजनानंतर घसा खाकरून सुचवलं, "ताई, अर्धा तास कमी पडतो असं नाही वाटत? परिस्थिती बघता दीड तास करावा."

स्क्रीनवरची तीस घरं गहिवरली. कालगुर्लीच्या हॉस्पिटलात डॉक्टर असलेला शैलेंद्र म्हणाला, "अजितदादा, हॅट्स ऑफ. इथे अजून दुपार आहे, पण मी ब्रेक घेऊन बसेन."  शुभदाताईंनी हात जोडले.

लयही अजितने हळूहळू चढी केली. रोजची पावलं बारा हजारांच्या घरात गेली. दंड भरले. पाय होते तसेच राहिले.

सॅकमध्ये त्याने तांदळाऐवजी कुरमुरे भरले. ती टम्म फुगली. ती घेऊन तो रोज सकाळी कोपऱ्यापर्यंत जाई आणि तिथल्या भिंतीवर बसून बातम्या वाची. गाईडबाईंनी व्हिडिओवर सगळ्यांचं सामान तपासलं तेव्हा त्यांनी अजितच्या बुटांचं खास कौतुक केलं. न्यूझीलंडला उतरताना बुटाला मातीचा कण चालत नाही, आणि याच्या बुटांचे तळवे आरशासारखे होते.

"ही वॉक्स एव्हरी सिंगल डे," मैथिली कॅमेऱ्याला अभिमानाने म्हणाली, आणि चौथ्या दिवसाची शिखरावरची जादा चढण दोघांच्या नावावर नोंदवून टाकली. "आपण दोघंच जाऊ बाबा. बाकीचे लेकवर थांबतील."

मे उजाडला. पहिल्याच आठवड्यात सिडनीत एक पेशंट सापडला, कुठून लागण झाली ते कळेना, आणि न्यूझीलंडने सिडनीकरांना तात्पुरती मनाई केली. बातमी ऐकून अजित देवघरापुढे गेला आणि त्याने वाटीभर साखर ठेवली. ठेवली तेव्हा त्याला फक्त हलकं वाटत होतं. वळला तर दारात लता उभी.

"कोणासाठी?" तिने विचारलं. "शुभदाताईंचा भाऊ बरा आहे का?"

अजितने वाटीकडे पाहिलं. एका शहरात माणसं श्वासासाठी तडफडत होती, आणि दुसऱ्या शहरात हा एक माणूस, आपल्याला डोंगर चढावा लागू नये म्हणून, रोग आल्याबद्दल देवाला साखर दाखवत होता. त्याने वाटी उचलली आणि साखर परत डब्यात ओतली. तीन दिवसांनी मनाई उठली.

पुढच्या रविवारी सकाळी शुभदाताई स्वतःच आल्या. हातात बेसनाच्या लाडवांचा डबा. मास्क हनुवटीवर घसरलेला, डोळे भरलेले.

"ऑक्सिजन काढला," त्या दारातच म्हणाल्या. "काल त्याने मऊ भात खाल्ला. अजित, तुला काय सांगू? नर्स फोन त्याच्या उशाशी धरायची. तो म्हणाला, 'ताई, बाकी कुणाचं काही ऐकू येत नव्हतं, एक टाळ तेवढा येत होता. तो चालू आहे तोवर आपण आहोत, असं धरून बसलो.'"

लताने पदर नसताना पदराची सवय असल्यासारखं तोंडाशी हात नेला. अजित चपलांच्या स्टँडकडे बघत राहिला.

"दीड तास! हात दुखत नाहीत का रे तुझे?" ताई मैथिलीकडे वळल्या. "तुझा बाबा रोज साडेसहा ते आठ, एक ठोका चुकवत नाही. लाडू त्याला ट्रेकला दे. तिकडे नेऊ देत नाहीत म्हणे, तर आधीच संपवा."

"साडेसहा ते आठ," मैथिली म्हणाली. तिने खिशातून फोन काढून बाबाच्या पावलांच्या वेळा उघडल्या. रोजची बारा हजार पावलं बरोबर त्याच दीड तासात पडली होती.

ताई गेल्या. मैथिली कोपऱ्यातल्या सॅकपाशी गेली आणि एका बोटाने ती उचलली. आत कुरमुरे खुळखुळले.

"हाऊ फार हॅव यू ॲक्चुअली वॉक्ड, बाबा?"

"स्टेशनपर्यंत."

"रोज?"

"एकदा."

"आणि किल्ले?"

अजितने एक बोट वर केलं. थोड्या वेळाने म्हणाला, "जीपने."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती सॅकची चेन नीट लावत म्हणाली, "मी युनिमध्ये सगळ्यांना सांगायचे. माय डॅड डिड फॉर्टी फोर्ट्स." मग म्हणाली, "तो माणूस तिकडे तुझा टाळ ऐकत होता, आणि तू स्टेप्स मोजत होतास." आणि खोलीत निघून गेली. दार आपटलं नाही. हळूच लावलं.

लताने डबा उघडून एक लाडू अजितच्या हातावर ठेवला. "खा," ती म्हणाली. "कमावलायस." त्याला तो खाता आला नाही, टाकताही आला नाही. दुपारपर्यंत तो हातात लाडू घेऊन बसला होता.

दुपारी त्याने गाईडबाईंना मेल लिहिला. सर्वांत लांब चाल : टूनगॅबी स्टेशन. चढलेले किल्ले : एक, वाहनाने. उत्तर तासाभरात आलं. खरं सांगितल्याबद्दल आभार. या तयारीवर ट्रेक करता येणार नाही. मात्र सामानाची व्हॅन रोज पुढच्या मुक्कामी जाते, ड्रायव्हरशेजारी एक जागा आहे. त्याने तो मेल प्रिंट करून मैथिलीच्या दाराखालून सरकवला. 

मग त्याने सॅकमधले कुरमुरे काढून तांदूळ भरले, डाळ भरली, मनगटावरचा बॅंड काढून टीव्हीजवळ ठेवला, आणि सेव्हन हिल्सच्या दिशेने चालायला लागला.

वाट तासाभराची. अजितला दोन तास लागले. नव्या बुटांनी पहिल्या अर्ध्या तासातच टाचा सोलल्या. एका म्हाताऱ्या गोऱ्याने कुंपणावरून विचारलं, "यू ऑलराइट, मेट?" अजितने आयुष्यभर या प्रश्नाला 'नो वरीज' म्हटलं होतं. आज नुसती मान हलवली, आणि ती कोणत्या बाजूला हलली हे त्याला स्वतःलाही कळलं नाही.

शुभदाताईंनी दार उघडलं तेव्हा तो चौकटीला धरून धापा टाकत होता. चेहरा लाल, तोंडून शब्द नाही. ताईंचा चेहरा पांढरा पडला. त्या महिन्यांत मराठी माणूस न सांगता दाराशी येऊन गप्प उभा राहिला, की त्याचा एकच अर्थ व्हायचा.

"अजित, फोन आला का तुला? पुण्याहून? काय झालं त्याला?"

त्याने दोन्ही हात जोरजोरात हलवले. "नाही. नाही ताई. तो बरा आहे. मीच..." श्वास पुरेना. "मीच आहे फक्त."

ताई तिथेच पायरीवर बसल्या. थोडा वेळ दोघंही श्वास घेत राहिले. मग अजितने पाठीवरचं ओझं न उतरवता सगळं सांगितलं. बॅंड, दीड तास, चढी लय, कुरमुरे. साखरेची वाटीही सांगितली. ती सांगायची नाही असं त्याने वाटेत ठरवलं होतं.

ताईंनी सगळं ऐकून घेतलं.  

"माझ्या भावाला हे कधी सांगू नकोस," त्या शेवटी म्हणाल्या.

"नाही."

"मला सांगितलंस ते... बरं केलंस असं मी आत्ता म्हणणार नाही. नंतर बघू."

"हो."

त्या उठल्या. आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि त्याच्यापासून जरा लांब, पायरीवर ठेवला. "साडेसहाला भजन आहे. माणसं वाट बघतात. यायचं."

"बॅंड काढून ठेवलाय, ताई."

"मनगट दिसतंय मला." त्या दार लावता लावता थांबल्या. त्याच्या बुटांकडे, मग सॅककडे पाहिलं. "परत कसा जाणार?"

"चालत," अजित म्हणाला.

ताई नुसत्या बघत राहिल्या.

"नाही," अजित म्हणाला. "मैथिलीला फोन करतो. येते का बघतो."