ढगात ताणलेलं जाळं

मित्रांनो, या पोत्याचं तोंड जरा सैल करा, म्हणजे मी दिसेन. मी पक्षी धरायचं एक जुनं जाळं आहे. माझे धागे इतके बारीक, की धुक्यात मी असून नसल्यासारखं. कारखान्यातल्या यंत्राने मला विणलं आणि पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या ताईंनी मला डोंगरावरच्या जंगलात नेलं. तिथे ढग थेट झाडांत शिरतात.

दोन दांड्यांमध्ये मला ताणायचं, पक्षी अडकला की ताईंनी तो अलगद सोडवायचा, पायात ओळखीचं बारीक कडं घालून उडवून द्यायचा. “फार गुणी जाळं आहे हं,” त्या सोबतच्या मास्तरांना सांगत. मास्तर पूर्वी शाळेत शिकवायचे, म्हणून हे नाव.

एके सकाळी मास्तर वरच्या जाळ्यांकडे गेले आणि ढग उतरला. माझ्यात एक इवलासा हिरवा पक्षी अडकला. ताई लगबगीने आल्या, तोच ओली माती सरकली. कुजका ओंडका घरंगळला आणि त्यांचा पाय त्याखाली सापडला.

“मास्तर! ओ मास्तर!”

ढगाने हाक गिळून टाकली. पक्षी धडपडत होता. जितका धडपडे, तितका गुंतत जाई. मला धरता येतं मित्रांनो, सोडता येत नाही. त्या दिवशी मला माझीच चीड आली.

पक्षी गारठून मलूल झाला. ताईंनी आडवं होऊन माझी खालची दोरी कशीबशी गाठली आणि मला ओढून घेतलं. बोटं बधिर झालेली, गाठ काही सुटेना. गळ्यातली कात्री हातात घेऊन त्या क्षणभर थांबल्या. कितीदा त्यांनी मला सांधलं होतं!

“नाइलाज आहे रे बाबा,” म्हणत त्यांनी मला टराटरा कापलं. पक्ष्याला स्वेटरच्या आत, छातीशी धरलं आणि पुन्हा हाका मारू लागल्या.

अखेर मास्तर धापा टाकत आले. माझाच दांडा उपसून ओंडक्याखाली घालू लागले.

“थांबा. आधी याला बघा, श्वास चालू आहे ना?”

“अहो, तुमचा पाय चेचलाय आणि तुम्हाला पाखराची पडलीय?”

“मी ओरडू तरी शकते, मास्तर. त्याला अडकवलं मीच.”

मास्तरांनी पक्षी ओंजळीत घेतला, हळूच ऊब दिली. त्याने डोळे उघडले, मान झटकली आणि भुर्रकन ढगात नाहीसा झाला. मग मास्तरांनी ओंडका उचलला. ताई तेव्हा कुठे रडल्या.

पाय बरा झाला, चाल थोडी लंगडी राहिली. मी मात्र सांधण्यापलीकडे गेलं होतं, म्हणून या पोत्यात आलं. आता माझ्या जागी नवं जाळं लागतं आणि ताई त्याला नजरेआड होऊ देत नाहीत.

मित्रांनो, एवढंच मागणं. शेताच्या बांधावर, ओढ्याकाठी कुणी विसरलेलं जाळं दिसलं, तर मोठ्यांना बोलावून ते काढायला लावा. मालक विसरला तरी आम्ही धरतच राहतो.