शेवग्याची शेंग हरवली आहे

माझ्या सासूबाईंना माणूस माणसासारखा दिसेल तर शपथ! शेजारची पवित्रा म्हणजे ‘उतू गेलेलं दूध’. मी म्हणजे ‘पुण्याची कात्री’. लग्न होऊन बेंगळुरूला आले तेव्हापासून ऐकतेय. एरवी हसून सोडून देते.

पण त्या दिवशी येलहंक्याच्या बाजारात सणाची फुलं घेताना गर्दीत बाबा, म्हणजे माझे सासरे, हरवले. मोबाइल घरी चार्जिंगला. साखरेचा त्रास, सकाळपासून नुसत्या चहावर, आणि हल्ली रस्तेही विसरतात. मी आणि सासूबाईंनी थेट पोलीस चौकी गाठली.

चौकीत हवालदार हयवदन यांनी नाव विचारलं. आई नवऱ्याचं नाव घेत नाहीत, म्हणून मीच सांगितलं, “खंडोजी.”

“दिसायला कसे आहेत?”

झालं! आई कानडीत सुरू. “वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखे. तोंड एरंडेल प्यायल्यासारखं, चाल गोगलगायीची. आणि बोलणं? अय्यो, देवळातला दगडी नंदी तरी बरा!”

“आई, पुरे!” मी ओरडलेच. “नंदी शोधायला पाठवायचंय का यांना? शर्टाचा रंग सांगा!”

“पांढरा... नाही गं, स्वल्प थांब. निळसर होता का?”

“चष्मा लावला होता?”

त्या माझ्याकडेच बघायला लागल्या. पंचेचाळीस वर्षांचा संसार, आणि नवऱ्याने चष्मा लावला होता का ते ठाऊक नाही! माझं डोकंच फिरलं. मीच सांगते म्हणून तोंड उघडलं, तर मलाही आठवेना. सकाळचा चहा मीच हातात दिला होता. स्वतःचीच चीड आली मला.

तेवढ्यात हवालदारांचा फोन वाजला. ऐकता ऐकता ते आईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळायला लागले.

“बस स्टँडजवळच्या चौकीत एक आजोबा आलेत,” ते म्हणाले. “बायको हरवली म्हणून तक्रार करताहेत. मोरपंखी साडी, पदराला रफू केलेलं. डाव्या चपलेचा अंगठा तुटलाय, त्याला पिन लावलीय. गुडघा दुखतो, फार वेळ उभं राहवत नाही, लवकर शोधा म्हणताहेत. बिस्कीट दिलं तर खायला तयार नाहीत.”

आईंनी पदर चाचपला. मग वाकून चपलेकडे पाहिलं. मी खुर्ची पुढे ओढली, तरी बसल्या नाहीत.

“ऑटो बोलव गं,” त्या म्हणाल्या. “मला बघायचंय त्यांना.”